चीड येणे : वाक्यात उपयोग करा

फेब्रुवारी सरत आला की भोसरीतल्या आमच्या शाळेत एक वेगळीच शांतता उतरते. सकाळी स्वेटर घालून आलेली मुलं दुपारी पंख्याखालच्या बाकासाठी भांडतात. भिंतीपलीकडच्या वर्कशॉपांमधला लेथचा आवाज वर्षभर तसाच असतो, पण या दिवसांत तो जास्त ऐकू येतो, कारण दहावीचे वर्ग गप्प झालेले असतात. कोपऱ्यावरच्या दुकानात पारदर्शक पाऊच आणि लिहायची पॅडं टांगली जातात. चहाच्या टपरीवर शिफ्ट सुटलेले बाप एकमेकांना विचारतात, "काय राव, झाला का पोरीचा अभ्यास?" आणि उत्तर न ऐकताच मान हलवतात.

मी मराठी शिकवते. परीक्षेआधीच्या शेवटच्या तासाला मुलं धड्यांचं काही विचारत नाहीत, वाक्प्रचारांचं विचारतात. तेवढे मार्क हातचे, असं त्यांना वाटतं. या वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, राग येणे आणि चीड येणे, दोन्हींचा अर्थ एकच लिहिला तर चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. "मार्क कापणार नाही कुणी."

तिनं समाधानानं वहीत काहीतरी लिहिलं आणि मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. बाहेर उन्हात एक टेम्पो मागे घेत होते. त्याचा तो टीं टीं आवाज येत होता. उन्हाला वाळलेल्या कांद्याचा वास नव्हता, तिथं तो असायचं काही कारणही नव्हतं, पण मला तो आला. कारण माझ्या दहावीचं सगळं वर्ष एकीकडे आणि त्या वासातले ते थोडे दिवस एकीकडे आहेत. या दोन शब्दांमधलं अंतर मला त्या दिवसांमुळे कळलं, वहीतून कळलं नाही. माझ्या काकीनं माझं मनगट धरलं होतं, त्यातून कळलं.

आमचं गाव चाकणच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत. घर शेतकऱ्याचं, पण वडील आणि काका दोघेही कंपनीत. पहिली शिफ्ट असली की दोघं अंधारातच बसला जायचे, आणि संध्याकाळी तेच दोघं लेंगा घालून पाणी द्यायला मोटार चालू करायचे. गोठ्याच्या जागेवर आम्ही खोल्या बांधल्या होत्या. त्या खोल्यांत लातूर, बीड, परभणीकडून आलेली माणसं राहायची. कुणी प्रेसवर, कुणी पेंट शॉपला, कुणी नुसतं काम शोधत. त्यांच्या बोलण्यातलं "काय करायलीस" आणि आमच्या घरातलं "काय करतीयास" एकाच नळावर भेटायचं, आणि बहुतेक वेळा भांडायचं.

भांडणाची सुरुवात काकी करायची. काकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको. ठेंगणी, काटक, कपाळाला मोठं कुंकू, आणि आवाज असा की पलीकडच्या वस्तीवरची माणसं घड्याळ न बघता सांगायची की आता दूध तापायला ठेवलं. तिला सकाळी उठल्यापासून राग यायचा. दूध उतू गेलं की दुधाचा. वीज गेली की विजेचा. फोनवर बाईच्या आवाजात "आपण डायल केलेला नंबर" सुरू झालं की त्या बाईचा. काकांचा तर रोजच. काका हसून म्हणायचे, "तिचं इंजिन हाय, जरा धूर निघतोच." कुणी मनावर घ्यायचं नाही. तीही घ्यायची नाही. मांजराला ओरडता ओरडता ती त्याच्यापुढं वाटी सरकवायची.

खोल्यांवरच्या माणसांवर मात्र तिचा विशेष राग. पाण्याची मोटार जास्त वेळ चालवतात, मोरी तुंबवतात, चपला दारात टाकतात. "भायेरची मानसं," ती म्हणायची. "ह्यांला काय, आज हितं, उद्या तिथं. आमाला जन्म काढायचाय हितं."

त्या भायेरच्या माणसांत अर्चना होती. शेवटच्या खोलीत आई, वडील, लहान भावंडं यांच्याबरोबर राहणारी, माझ्याच वर्गातली. किडकिडीत, तेलानं चप्प बसवलेल्या दोन वेण्या, आणि पाठांतर पक्कं. नववीत ती आमच्या शाळेत आली आणि पहिल्याच चाचणीत मराठीत माझ्यापुढे गेली. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मला डब्यातलं धपाटं दिलं, आणि मग ती माझी मैत्रीणच झाली.

परीक्षेच्या आधीचे दिवस आम्ही दोघींनी आमच्या अंगणात काढले. रांगडा, म्हणजे थंडीत वाढलेला कांदा काढणीला आला होता. शेतातून आणलेल्या कांद्याचा ढीग अंगणात, त्याच्याभोवती पात आणि मुळ्या कापत बसलेल्या बायका, आणि ढिगाच्या पलीकडे, कडुलिंबाच्या सावलीत, आम्ही. वाऱ्यानं लालसर पापुद्रे उडायचे आणि पुस्तकाच्या पानांत अडकायचे. अजून ते पुस्तक उघडलं तर एखादा सापडेल. डोळ्यांतून पाणी यायचं, नाक लाल व्हायचं, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं की पोरी अभ्यासाच्या भीतीनं रडतायत. आम्ही मोठमोठ्यानं पाठ करायचो. अर्थ एकीनं सांगायचा, वाक्य दुसरीनं करायचं.

"चीड येणे," मी म्हटलं.

"राग येणे," अर्चना म्हणाली. मग थांबली. "पण शुभे, तसं नसतंय. राग वेगळा, चीड वेगळी."

"वेगळी कशी?"

तिला सांगता येईना. "वेगळी असती. आमच्या सरांनी सांगितलं होतं तिकडं. चीड म्हणजे सात्त्विक संताप."

कांद्याच्या ढिगामागून काकीचा आवाज आला. "काय संताप?"

"सात्त्विक," अर्चनानं घाबरत सांगितलं.

"संताप आन् सात्त्विक?" काकी विळा हातात घेऊन उभीच राहिली. "संताप म्हंजी डोकं फिरलेलं. त्यात सात्त्विक काय आसतं? सात्त्विक म्हंजी वरणभात. काय बी शिकवत्यात!" सगळ्या बायका हसल्या. अर्चनाही हसली. काकी मात्र हसली नाही. तिला त्या शब्दाचाही राग आला होता. लगेच ती अर्चनाकडे वळली. "आन् तुझ्या आयला सांग, सकाळी मोटार चालू ठिवून कुठं गेली व्हती? सगळं पानी गटारीत."

"सांगते, काकी," अर्चना म्हणाली. ती असं रोजच म्हणायची.

पहिला पेपर मराठीचा. परीक्षेचं केंद्र आमच्या शाळेत नव्हतं, पलीकडच्या मोठ्या गावात होतं. वडील आणि काका पहिल्या शिफ्टला. आई शेतात, कारण मजूर बायका मोठ्या मुश्किलीनं मिळाल्या होत्या. अर्चनाचे वडील ओव्हरटाइमवर आणि तिची आई तान्ह्या मुलाला ताप म्हणून घरात. तेव्हा आम्हाला न्यायचं काकीनं ठरवलं. शेजारच्या दत्ताभाऊंचा टेम्पो कांदा घेऊन त्याच रस्त्यानं बाजारात जाणार होता. त्यांनी पुढे केबिनमध्ये आम्हाला घेतलं. काकी खिडकीशी, मग मी, मग अर्चना, आणि मागे गोण्यांचा डोंगर. आईनं दोघींच्या हातावर दही-साखर ठेवली. अर्चनानं ती चाटून घेतली आणि तळवा स्कर्टला न पुसता तसाच उघडा धरून बसली, का कोण जाणे.

घरातून आम्ही वेळेच्या कितीतरी आधी निघालो होतो. पण हमरस्त्याला लागलो आणि थांबलो. एका कंपनीच्या गेटबाहेर कंटेनरांची रांग लागली होती. रांग रस्त्याच्या एका बाजूला असायची, तो रोजचाच प्रकार. त्या दिवशी एक कंटेनर वळताना आडवा झाला होता आणि त्याच्या मागे पुढे सगळं तुंबलं होतं. बस, दुचाक्या, कंपन्यांच्या गाड्या, शेअर रिक्षा. हॉर्नच हॉर्न. दत्ताभाऊंनी इंजिन बंद केलं.

काकी सुरू झाली. आधी कंटेनरवाल्याला, मग कंपनीला, मग सरकारला, मग दत्ताभाऊंना. "तुला सांगितलं व्हतं आतल्या रस्त्यानं घे! सांगितलं व्हतं का न्हाई?"

"वहिनी, आतल्या रस्त्याला पुलासाठी खणलंय," दत्ताभाऊ काकुळतीनं म्हणाले.

"मंग उडवत न्यायचा व्हता!"

आम्ही वाट बघितली. अर्चना ओठांतल्या ओठांत कविता म्हणत होती. मी रडायला लागले. शेवटी काकीनंच दार उघडलं. "उतरा. चालत."

आम्ही पळालोच म्हणायचं. कंटेनरांच्या चाकांमधून, डिझेलच्या धुरातून, धुळीतून. काकी पुढे, पदर खोचून, समोर येईल त्याला ओरडत. "बाजूला व्हा! पोरींचा पेपर हाय! ए भावा, गाडी मागं घे!" आणि माणसं खरंच बाजूला होत होती. एका दुचाकीवाल्यानं आपली पाण्याची बाटली अर्चनाच्या हातात दिली आणि ती परत घ्यायलाही थांबला नाही. केंद्राच्या रस्त्याला लागलो तेव्हा आतली घंटा ऐकू आली. उन्हात तो आवाज अगदी स्वच्छ ऐकू आला.

फाटक बंद झालं होतं. फाटकावर त्या शाळेतले एक भाऊसाहेब उभे होते, म्हणजे कार्यालयातले कारकून. बाहेर उशिरा आलेली आणखी काही मुलं नव्हती, आम्ही दोघीच. मुलांना सोडायला आलेले थोडे पालक झाडाखाली रेंगाळत होते. भाऊसाहेबांनी आमच्याकडे बघितलं, मग काकीकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली.

"अहो वहिनी, तुम्ही? आमच्या मित्राचं घर की तुमचं. आम्ही एका वर्गात होतो." ते काकांविषयी बोलत होते. "ही पुतणी ना? ये गं, ये आत, पळ."

त्यांनी फाटक माझ्यापुरतं उघडलं. मी आत पाऊल टाकलं. मागून अर्चना येऊ लागली तसा त्यांनी हात आडवा केला.

"तू कुठली?"

अर्चनानं गावाचं नाव सांगितलं.

"मूळची कुठली?"

"लातूरकडली."

"हां. थांब तिकडं. साहेब मोकळे झाले की विचारतो. ही बाहेरची पोरं कायम उशिरा. इथं येऊन राहायचं, आणि शिस्त म्हणून नाही."

मला आजही आठवतं, मी आत होते आणि मला आत जायचं होतं. जिन्यावरून पर्यवेक्षक पेपरांचे गठ्ठे घेऊन वर जाताना दिसत होते. मला फक्त तो जिना दिसत होता. तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी घट्ट धरलं. काकीनं फाटकाच्या गजांमधून हात घातला होता.

"थांब," ती म्हणाली.

मी वळून बघितलं आणि घाबरले. काकी ओरडत नव्हती. सकाळपासून, घरापासून, किंबहुना मला कळायला लागल्यापासून ओरडणारी ही बाई एकदम खालच्या आवाजात बोलत होती. इतक्या खालच्या की भाऊसाहेबांना ऐकायला पुढं झुकावं लागलं.

"दोघी एका गाडीनं आल्या," काकी म्हणाली. "एका रस्त्यानं पळाल्या. दोघींला सारखाच उशीर झालाय. आत जातील तर दोघी जातील. न्हाईतर दोघी हितं बसतील."

"अहो वहिनी, तुमच्या पोरीला तर सोडतोय मी!"

"ते बघितलं मी."

"तिचं वर्ष जाईल उगाच."

"जाऊ द्या. मंग दोघींच्या आयबापाला तुमी येऊन सांगायचं, एकीला का सोडलं आन् दुसरीला का न्हाई."

झाडाखालचे पालक जवळ आले होते.  मी हात ओढला, पण तो सुटेना. "काकी, सोड ना!" मी रडत म्हणाले. मला तिचा इतका राग आला होता की तसा कुणाचाच कधी आला नसेल. अर्चनाचा चेहरा पांढरा पडला होता. "काकी, जाऊ द्या तिला," ती म्हणाली. "माझं मी बगते."

"तू गप," काकी तिच्याकडे न बघता, पण मऊ आवाजात म्हणाली. "बोलू नको. पाठ केल्यालं इसरशील."

भाऊसाहेबांनी रुमालानं मान पुसली.  काकीनं शिव्या घातल्या असत्या तर त्यांनी उलट घातल्या असत्या. हात उगारला असता तर पोलिसांचं नाव काढलं असतं. पण समोरची बाई काहीच करत नव्हती. ती स्वतःच्याच घरातल्या पोरीला धरून उभी होती. तिची बांगडी माझ्या मनगटात रुतत होती. 

मग व्हरांड्यातून एक बाई भराभर चालत आल्या. चष्मा कपाळावर, हातात किल्ल्यांचा जुडगा. केंद्र त्यांच्याच ताब्यात होतं. "काय चाललंय फाटकावर?"

भाऊसाहेब बोलायच्या आधी काकी बोलली. तेवढंच, तसंच. गाडी एक, रस्ता एक, उशीर एक. एक आत, एक बाहेर. तिनं भाऊसाहेबांविषयी वाईट शब्द काढला नाही, ते काय म्हणाले तेसुद्धा सांगितलं नाही. बाईंनी आमची हॉलतिकिटं घेतली, चष्मा खाली ओढून बघितली, आणि भाऊसाहेबांकडे वळल्या. "उशिराची परवानगी देणारी मी आहे. दोघींना आत घ्या." मग आम्हाला म्हणाल्या, "पळा. आणि आधी तोंडं धुवा. पेपर अजून वाटायचाय."

माझ्या मनगटावरची पकड सुटली. अर्चना आत आली. आम्ही एकमेकींचा हात धरून पळालो, नळावर तोंडावर पाणी मारलं आणि ओल्या चेहऱ्यानं वर्गात जाऊन बसलो.  प्रश्नपत्रिका हातात आली तेव्हा मला हसूच आलं. पर्यवेक्षकांनी विचारलं, "काय गं, सोपा आहे का?" मी अजून वाचलाही नव्हता.

त्या पेपरात चीड येणे हा वाक्प्रचार काही आला नाही. दुसरेच होते, साधे. मी ते सगळे लिहिले. निबंध लिहिताना मध्येच लेखणी थांबली आणि डाव्या मनगटाकडे लक्ष गेलं. काकीच्या बांगडीचा वळ उठला होता, लालसर, अर्धवट वर्तुळाचा. मी त्यावर बाही ओढली आणि पुढे लिहीत राहिले.

सुटल्यावर बघतो तर काकी फाटकासमोरच्या झाडाखाली बसलेली. पूर्ण वेळ ती तिथंच होती. कुणाकडून तरी मागून तिनं वर्तमानपत्राचा पंखा केला होता. तिनं पेपर कसा गेला हे विचारलं नाही. "पानी पिलात का?" एवढंच विचारलं. दत्ताभाऊ रिकामा टेम्पो घेऊन आले, आणि टेम्पोत पाय ठेवल्या ठेवल्या काकीचा आवाज पूर्ववत झाला. "आता कसा मोकळा झाला रस्ता? तवा काय झालं व्हतं? आन् अर्चे, सकाळी तुमची चपलांची रांग बघितली दारात, मी पडले आसते!"

अर्चनानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. आणि आम्ही दोघी फुटलो. इतक्या हसलो की दत्ताभाऊंनी गाडी हळू केली. "काय झालं?" काकी ओरडली. "काय झालं हसायला?" तिच्या त्या ओरडण्यानं जीव भांड्यात पडला होता, हे तिला कसं सांगणार? मागच्या रिकाम्या हौद्यात कांद्याचे पापुद्रे भिरभिरत होते, उन्हात चमकत होते, आणि रस्ता खरोखरच मोकळा होता.

पुढच्या पेपरला आम्ही इतक्या लवकर पोचलो की फाटक अजून उघडायचं होतं. भाऊसाहेबच आले उघडायला. मला वाटलं, आता काकी काहीतरी बोलणार. मी मनातून तयारही झाले होते. काकीनं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाष्टा झाला का, भाऊसाहेब?"  "झाला, वहिनी," ते म्हणाले, आणि अर्चनाला म्हणाले, "ये बाळ, सावलीत बस." अर्चना बसली. तेवढ्यावर ते प्रकरण मिटलं.

मला ते तेव्हा पटलं नाही. माझा भाऊसाहेबांवरचा राग पुढे पुष्कळ दिवस टिकला. पुण्याला मराठी शिकायला गेले, भाषेविषयी विचार करायची सवय लागली, तेव्हा कुठं एकदा बसमध्ये उभी असताना लक्षात आलं. आपण म्हणतो, मला तुझा राग आला. त्याचा राग आला, सासूचा राग आला, साहेबांचा राग आला. राग माणसाचा येतो. पण चीड? अन्यायाची चीड येते. खोटेपणाची, लाचारीची चीड येते. माणसाची चीड येते असं सहसा कुणी म्हणत नाही. म्हटलंच तरी त्या माणसातल्या एखाद्या गोष्टीविषयीच म्हणतो. आणि त्यातून आणखी गंमत अशी की चिडणं वेगळं. पत्ते खेळताना हरलेलं पोर चिडतं, चिडका बिब्बा म्हणवून घेतं. तेच क्रियापद, पण नाम झालं की त्याला पोक्तपणा येतो. काकी दिवसभर चिडायची. तिला चीड आली ती एकदाच, मी बघितली तेवढी.

म्हणूनच ती चीड फाटकापाशी सुरू झाली आणि फाटक उघडल्यावर संपली. भाऊसाहेबांचा तिला राग आलाच नव्हता, मग तो उरणार कुठून? राग साठवता येतो, वर्षानुवर्षं फडताळात ठेवता येतो. चिडीचं तसं होत नाही. गोष्ट सरळ झाली की ती निवते.

संस्कृतमध्ये मन्यू असा एक शब्द आहे, हे मला नंतर कळलं. क्रोधही तोच आणि मनाचा आवेशही तोच. शब्द सुंदर आहे, पण आमच्या अंगणात तो शोभला नसता. सात्त्विक संतापाची तर आता थट्टाच झाली आहे. चहात साखर कमी पडली म्हणून कुणी कुरकुरलं की आमच्या शिक्षकखोलीत म्हणतात, "बघा, सरांना सात्त्विक संताप आला." सगळे हसतात, मीही हसते. काळेवाडीच्या चौकात सिग्नल तोडून कुणी अंगावर आलं की मीही तोंड उघडते, आणि मग स्वतःला विचारते, बाई, हे काय आहे? राग की चीड? बहुतेक वेळा राग असतो. उशीर मला झालेला असतो, म्हणून. हे ओळखता आलं की तो निम्मा कमी होतो, हा माझा अनुभव आहे.

काकीला मी एकदा विचारलंच. माझ्या लग्नाच्या गडबडीत, ती पुरण घाटत असताना. "काकी, तेव्हा बाई आल्याच नसत्या तर? माझं वर्ष गेलं असतं की."

"गेलं आसतं," ती म्हणाली.

"मग धरून का ठेवलंस?"

तिनं पातेल्याखालचा जाळ कमी केला. "मला कुठं ठाव, का? हात घातला तवा काय इचार केला व्हता व्हय? धरल्यावर कळलं, धरलाय. मंग सोडवंना." आणि घाटता घाटता, "राग आला आसता तर दोन शिव्या दिल्या आसत्या. शिवी सुचंनाच. आत सगळं थंड पडलं व्हतं. लई भ्याले व्हते मी, शुभे. तुला सांगितलं न्हाई कधी."

अर्चना आता चिंचवडच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. काळेवाडीत तिचं घर आहे. तिच्या बोलण्यातलं "करायलीस" अजून गेलेलं नाही, आणि तिच्या मुलीच्या बोलण्यात ते हिंदीच्या सोबतीनं आलं आहे. सुट्टी जमली की ती सांगवीला माझ्याकडे येते. आम्ही त्या दिवसाविषयी फारसं बोलत नाही. बोललो तर हसण्यावर जातं.

पण त्या मोसमातला शेवटचा दिवस सांगायचा राहिला. शेवटचा पेपर झाला, त्याच दिवशी आमचा कांदाही उरकला. अंगण झाडून मोकळं केलं होतं, सडा मारला होता. दिवस मावळायचा होता, ऊन कौलांवर रेंगाळत होतं. अर्चनाची आई आमच्या पायरीपाशी आली. ती कधी पायरी चढायची नाही. काकीला ती मालकीणबाई म्हणायची, आणि काकीनंही इतक्या वर्षांत खोल्यांच्या त्या रांगेत पाऊल टाकलं नव्हतं. जे काही सांगायचं ते अंगणातूनच ओरडून सांगायची.

"मालकीणबाई," ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "पोरींची परीक्षा झाली बगा. येसरची आमटी केलीय. जेवायला या की आमच्यात."

काकी भांडी घासत होती. तिनं हात धुतले, चूळ भरली, आणि तिच्या मागोमाग निघाली. मी आणि आई बघत राहिलो. मग मीही धावले.

खोली एवढीशी. एका कोपऱ्यात पाळणा, एका कोपऱ्यात स्टोव्ह, भिंतीला अर्चनाच्या वह्यांची चळत. तान्हं बाळ बरं झालं होतं आणि पाळण्यात पाय झाडत होतं. अर्चनाच्या आईनं सतरंजी झटकून अंथरली. काकी मांडी घालून बसली. ज्वारीची भाकरी, कांदा, आणि वाडग्यात भाजक्या धान्या-मसाल्याच्या पुडीची ती लालभडक आमटी, वर तेलाचा तवंग. काकीनं भाकरी कुस्करली, पहिला घास घेतला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"तिखट झाली का वो?" अर्चनाची आई घाबरली. "मालकीणबाई, गूळ देऊ का?"

काकीनं डोळे पुसले नाहीत. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. वाडगं रिकामं केलं आणि पुढे सरकवलं.

"मालकीणबाई नको म्हनू," ती म्हणाली. "अक्का म्हन. आन् वाढ."